टोकाची खोली

लाय-सिमने अटी घरातच घातल्या होत्या, बॅग भरता भरता. हॉटेलच्या खोलीचं दार वाजवून आत जायचं नाही. एक बूट इकडे तोंड, एक तिकडे तोंड, असे बूट ठेवायचे नाहीत. आत शिरल्या शिरल्या संडासात पाणी सोडायचं नाही. आणि दिवा लावून झोपायचं नाही, कारण दिवा लावला की काचेत आपलीच खोली दिसते, बंदर दिसत नाही.

"आणि माझी पाठ वळल्यावर गुपचूपही करायचं नाही," ती म्हणाली. "एक रात्र आहे, फाय. एकच."

तिच्या नवऱ्याने, माक सियू-फायने, मान डोलावली. मान डोलावण्यात तो पटाईत होता. तो-क्वा-वान नावाच्या वस्तीत घड्याळांचे पट्टे विकायचं त्याचं छोटं दुकान होतं आणि दिवसभर गिऱ्हाइकांसमोर त्याला दुसरं फारसं काही करावं लागत नसे.

फाय स्वतःला भित्रा मानत नसे. आपण फक्त रीत पाळतो, असं त्याचं म्हणणं. परक्याच्या घरात शिरताना माणूस दार वाजवतोच ना? मग हॉटेलच्या खोलीत आपल्या आधी कोण राहून गेलंय, गेलंय की नुसतं दिसेनासं झालंय, हे आपल्याला काय ठाऊक? दार वाजवावं, बाजूला उभं राहावं, म्हणजे आत जे कोणी असेल त्याला निघून जायला वाट मिळते. दोन शब्द गोड बोलावेत. यात पैसे पडत नाहीत. पण या रीतीपायी त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत क्वेलिनच्या लॉजमध्ये अर्धी रात्र जिन्यावर बसून काढली होती, कारण कपाट आपोआप उघडलं. तैवानला गेले तेव्हा तो दिवे लावून झोपला आणि लाय-सिम टॉवेल तोंडावर घेऊन. फोशानला लाय-सिमच्या चुलतभावाच्या लग्नात तर त्याने वऱ्हाडाला दिलेली खोली बदलून मागितली आणि तिच्या माहेरच्यांत कायमचं नाव करून घेतलं.

लाय-सिमला हवं होतं ते एवढंच. त्यांच्या घराच्या स्वयंपाकघरातून पूर्वी बंदर दिसायचं. फार नाही, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून, पाण्याची एक उभी पट्टी. भाजी धुताना तिची मान आपोआप तिकडे वळायची. मग त्या फटीत एक नवी इमारत उभी राहिली. मान वळायची सवय मात्र राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलगी हॉय-यिंगने विचारलं, काय देऊ, तेव्हा आई म्हणाली, "अंथरुणात पडल्या पडल्या बंदर दिसलं पाहिजे. सोन्याबिन्याचं काही नको."

हॉय-यिंगने चिम सा चोईला अगदी पाण्याच्या काठावरचं हॉटेल धरलं. बंदराकडे तोंड असलेली खोली, सकाळची न्याहारी धरून, आणि तेही निम्म्या दरात. निम्म्या दरात का, हे तिने सांगितलं नाही. फायने घरी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं तेव्हा त्याला कळलं. सातवा चांद्रमहिना. मेलेल्यांना सुट्टी मिळते तो महिना. रस्त्याच्या कडेला लोक मेलेल्यांना पोचाव्यात म्हणून पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जाळत होते, मुलांना अंधार पडायच्या आत घरी बोलावत होते, आणि हा आपला बायकोला घेऊन परक्या अंथरुणात झोपायला निघाला होता. त्याने पुन्हा मान डोलावली.

हॉटेल घरापासून बसने अर्ध्या तासावर. तरी लाय-सिमने नवी चप्पल घातली होती आणि बॅगेत कपातल्या नूडल्स घेतल्या होत्या, कारण अशा ठिकाणी खोलीत मागवलेल्या खाण्याची किंमत वाचूनच भूक मरते. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "तुमचं नशीब चांगलं आहे. तुम्हाला टोकाची खोली मिळाली आहे, दोन बाजूंनी खिडक्या. सतरावा मजला."

"टोकाची?" फाय म्हणाला.

बोळाच्या टोकाची खोली कुणी घेत नाही. बोळात जे काही फिरत असतं ते शेवटी टोकालाच जाऊन थांबणार, एवढी अक्कल कुणालाही असते.

"दोन खिडक्या," लाय-सिम त्याच्याकडे बघून म्हणाली. तिच्या आवाजात अशी काही धार होती की फायने दोन्ही कार्डं घेतली, एक तिला दिलं आणि आभार मानले.

तेवढ्यात एका वेटरने लाय-सिमच्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला दिला, त्यात कागदाची छत्री खोचलेली. लाय-सिम काचेसमोरच्या सोफ्यावर बसली. समोर बंदर होतं, पण मध्ये फिरायला आलेल्यांची गर्दी होती. फायला संधी दिसली. मी बॅग वर टाकून येतो, तू सरबत संपव, गार हवेचं यंत्र चालतंय का तेही बघतो, असं काहीबाही सांगून तो लिफ्टकडे सटकला. रीतीला असा कितीसा वेळ लागतो? दार वाजवायचं, दोन शब्द बोलायचे, खाली यायचं. बायकोला कळायचं कारण नव्हतं.

सतराव्या मजल्यावरचा गालिचा एवढा जाड होता की पावलांचा आवाजच होईना. टोकाच्या दारापाशी पोचल्यावर त्याने शर्ट नीट केला, हलकेच दार वाजवलं आणि झटकन भिंतीला चिकटून उभा राहिला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "आम्ही नवरा-बायको एका रात्रीपुरते आलोय. तुम्हाला काही त्रास देणार नाही. तेवढी जागा द्या."

इतक्या वर्षांत त्याने बरीच दारं वाजवली होती. एकदाही उत्तर आलं नव्हतं. आज आलं.

"जागा नाही," आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज म्हणाला. "मी आहे ना इथे."

फायच्या तोंडातली सभ्यता मात्र तशीच चालू राहिली. "तुम्ही कधीपासून आहात?"

"सकाळपासून."

म्हणजे ताजीच. नव्यांना अजून कळलेलं नसतं, त्यांच्याशी फार जपून बोलावं, असं त्याची आई सांगायची.

"एकट्याच?"

"एकटीच. माझे सगळे पुढे गेले."

फायला तिचं थोडं वाईटही वाटलं. "तुम्हाला काही हवं-नको?" त्याने विचारलं. "कपडे, पैसे, काही असेल ते सांगा. मी उद्याच जाळून पोचवतो."

मग आवाज आला, अगदी बारीक. "जाळून? मला?"

"हो हो. संकोच करू नका."

स्लिपर घासत दारापर्यंत आल्या. दाराच्या भोकामागचा उजेड झाकला गेला. फाय भिंतीत शिरता येईल तेवढा शिरला.

"इथे तर कुणीच नाही," आवाज थरथरत म्हणाला. "अगं बाई गं."

त्यापुढे काय बोलणं झालं असतं कोण जाणे. फाय बॅगेसकट लिफ्टमध्ये होता.

लाय-सिमने एक चप्पल काढून पाय सोफ्यावर घेतला होता. बॅग तशीच परत आलेली बघून तिने भुवया उंचावल्या. फायने सांगितलं की अजून साफसफाई चालू आहे. आत्ता, दुपार उलटल्यावर? हो, चादरी बदलतायत. मग गार हवेचं यंत्र? तेही पुसतायत. लाय-सिमने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्याची तिला सवय होती.

"दार वाजवलंस?"

"छे," फाय म्हणाला, आणि काउंटरवर काही विचारून येतो म्हणून उठला. बॅग त्याने तिच्या पायाशी ठेवली.

त्याला आता दोनच गोष्टी दिसत होत्या. खरं सांगितलं तर लाय-सिम रागावणार नाही, ती नुसतं 'बरं' म्हणेल, बॅग उचलेल आणि बसच्या थांब्याकडे चालू लागेल. त्या 'बरं'ची त्याला भुतापेक्षा जास्त भीती वाटत होती. आणि न सांगता तिला त्या खोलीत झोपवलं, तर? तेव्हा खोली बदलली पाहिजे, बंदर मात्र तेच राहिलं पाहिजे आणि बायकोला कारण कळता कामा नये. काउंटरवरच्या मुलीला त्याने यातलं जमेल तेवढं सांगितलं.

"पण खोलीत काय बिघाड आहे, सर?"

"बिघाड काही नाही. आत कुणीतरी आहे."

"कोण?"

"ते मी कसं सांगू? बाई आहे. वयस्कर. सकाळपासून आहे म्हणते."

मुलीने भराभर बोटं चालवली. "कॉम्प्युटरमध्ये तुमच्याशिवाय तिथे कुणीच नाही, सर. खोली रिकामी आहे."

"नसणारच," फाय म्हणाला.

मुलीची बोटं थांबली. तिने फायकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मॅनेजरला बोलावलं.

मॅनेजर येउंग तरुण होता, काळ्या सुटात होता, हॉटेल चालवायचं शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये घेऊन आला होता. त्याने फायला एका खांबाआड घेतलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून पहिला प्रश्न विचारला. "केस मोकळे होते का?"

फायने सांगितलं की दार बंद होतं, केस दिसायचा प्रश्न आला नाही. येउंगला हायसं वाटलं. त्याने हात जोडून विनंती केली की ही गोष्ट कृपा करून इथेच राहू द्या, सवलतीच्या दरामुळे हॉटेल भरलंय, एक शब्द बाहेर पडला तर अख्खा मजला ओस पडेल. दुसरी खोली देतो का? दिली असती. पण एकही शिल्लक नव्हती. बंदराकडची नाही, भिंतीकडची नाही, कुठलीच नाही.

तेव्हा आधी खात्री करून घेऊ असं ठरलं. मजल्यावर पहारेकऱ्याला पाठवलं. हा पहारेकरी चांगला दांडगा, मान खांद्यांतच बसलेली. तो वर गेला आणि परत आला तो जिन्याने, लिफ्टची वाट न बघता.

"दार उघडलंस?" येउंगने विचारलं.

"वाजवलं," पहारेकरी धापा टाकत म्हणाला. "आणि बाजूला उभा राहिलो. सातव्या महिन्यात दारासमोर कोण उभं राहील? म्हटलं, माफ करा, आत कुणी आहे का. तर ती म्हणाली, अजून किती जण आहात रे तुम्ही."

"आणि?"

"आणि मंत्र म्हणायला लागली."

भुतानेच मंत्र म्हणावेत, हे तिघांनाही अनाकलनीय होतं. मंत्र भुताला घालवायला म्हणतात. भूत मंत्र म्हणून कुणाला घालवणार? फायला आपलं वाटलं, भूत सुशिक्षित असावं.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. मुलीने सवयीने उचलला, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि पांढरी पडली. फोन टोकाच्या खोलीतून आला होता. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"हॅलो," म्हातारा आवाज नम्रपणे म्हणाला. "मला इथली पद्धत माहीत नाही, म्हणून विचारते. इथून पुढे कुणाला भेटायचं असतं?"

येउंगने तिला हाताने खुणावलं की बोल, काहीतरी बोल.

"आपली काय मदत करू शकते?" मुलगी म्हणाली, कारण तिला एवढंच पाठ होतं.

"मला न्यायला कुणी येणार आहे का, की माझं मीच यायचं? घाई नाही हो. जागा फार छान आहे. फक्त सांगितलं असतं तर तयार राहिले असते."

"तुम्ही तिथेच थांबा," मुलगी कशीबशी म्हणाली. "कुणीतरी येईल."

फोन ठेवल्यावर ती येउंगला म्हणाली, "साहेब, मी तिला सांगून बसले. आता कुणीतरी गेलंच पाहिजे." शब्द दिल्यावर माघार घेता येत नाही, विशेषतः अशा ठिकाणी, हे सगळ्यांना पटलं. येउंगने कामगारांच्या स्वयंपाकघरातल्या, जमिनीलगत मांडलेल्या देव्हाऱ्यातून दोन संत्री आणि उदबत्त्या आणल्या. संत्री त्याने फायच्या हातात दिली. उदबत्त्या स्वतः धरल्या, पण पेटवता येणार नव्हत्या, कारण धूर झाला की छतातून पाणी सुटतं आणि मग अग्निशमनवाले येतात. न पेटवलेल्या उदबत्तीची पोच किती असते याबद्दल येउंगलाच शंका होती. स्वित्झर्लंडमध्ये हा भाग शिकवला नव्हता.

लिफ्टकडे जाताना फायने सोफ्याकडे नजर टाकली. सरबताचा रिकामा पेला होता. चप्पल नव्हती, बॅग नव्हती, लाय-सिम नव्हती. हात धुवायला गेली असेल असं त्याने मनाला सांगितलं, आणि बॅग घेऊन कोण हात धुवायला जातं, हे मनाने त्याला विचारलं. दुसरं कार्ड तिच्याकडेच होतं.

सतराव्या मजल्यावर दोघं दबकत टोकाला गेले. दारापाशी पोचतात तो आतून हसण्याचा आवाज आला. हसणाऱ्या दोघी होत्या. एक आवाज मघाचाच, म्हातारा. दुसरा आवाज फायने तीस वर्षं ऐकला होता.

"मी आता कुठ्ठे जात नाही," लाय-सिम आत म्हणत होती. "इथेच राहते तुमच्याजवळ. त्याचं तो बघेल."

येउंग भिंतीला चिकटत कुजबुजला, "माकसाहेब, बाजूला व्हा. आधी वाजवा." फायला ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. त्याला फक्त एवढंच कळत होतं की ज्या बायकोला त्याने आजवर कपाटांच्या आणि जिन्यांच्या पायी जागं ठेवलं, ती आता दाराच्या पलीकडे आहे आणि तो अलीकडे संत्री धरून उभा आहे. हे त्याला सहन झालं नाही. त्याने कार्ड लावलं, दार ढकललं आणि सरळ आत घुसला.

"तिला सोडा," तो ओरडला. "न्यायचंच असेल तर मला न्या."

पलंगावर दोघी पाय लांब करून बसल्या होत्या. मध्ये नूडल्सचा वाफाळता कप होता आणि दोघींच्या हातांत चॉपस्टिक होत्या. एकीला फाय ओळखत होता. दुसरी हडकुळी, रापलेल्या चेहऱ्याची, ऐंशीच्या घरातली आजी, हॉटेलचा पांढरा झगा अंगात बुडून गेलेली. दोन्ही खिडक्यांतून बंदर आत येत होतं, इतकं जवळ की फायला क्षणभर खोलीत पाणी शिरल्यासारखं वाटलं.

"हाच," आजी चॉपस्टिक रोखून म्हणाली. "हाच तो आवाज. जाळून पोचवतो म्हणणारा."

लाय-सिमने नवऱ्याकडे पाहिलं. मग संत्र्यांकडे पाहिलं. मग त्याच्यामागून डोकावणाऱ्या, हातात उदबत्त्या धरलेल्या मॅनेजरकडे पाहिलं.

"वाजवलंस," ती म्हणाली.

सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला, कारण सगळे एकदम बोलत होते आणि येउंग मध्येमध्ये कमरेत वाकून माफी मागत होता. झालं होतं ते असं. आजीचं आडनाव क्वोक. तिच्या नातवाला कामावर बक्षीस म्हणून या हॉटेलची एक रात्र मिळाली होती, ती त्याने आजीला दिली आणि सकाळी तिला आणून सोडलं. तिची खोली सहाव्या मजल्यावर, आतल्या बाजूची. तिथलं गार हवेचं यंत्र गळायला लागलं म्हणून सकाळच्या पाळीतल्या कुणीतरी तिला दुरुस्ती होईपर्यंत टोकाच्या खोलीत आणून बसवलं, कॉम्प्युटरमध्ये नोंद करायचं विसरलं आणि पाळी संपल्यावर घरी गेलं. दुरुस्ती कधीच झाली होती. आजी मात्र वरच राहिली.

"मी अंघोळ केली," क्वोक आजी सांगू लागली, "त्या एवढ्या मोठ्या टबात. मग या गादीवर पडले. आयुष्यात इतकी मऊ गादी पाठीला लागली नाही. डोळा लागला. जाग आली ती दारावरच्या टकटकीने. बाहेर माणूस बोलतोय, बघायला जावं तर कुणी नाही. आणि म्हणतो काय, तुम्हाला कपडे जाळून पाठवू का. म्हटलं, झालं. टबात गेले मी. नातवाला किती वाईट वाटेल, त्याचंच बक्षीस."

"मग मंत्र?" येउंगने विचारलं.

"माझ्यासाठीच म्हटले. दुसरं कोण म्हणणार होतं?"

लाय-सिम आली तेव्हा तिने सरळ कार्ड लावून दार उघडलं होतं. नवऱ्याने सफाई चालू असल्याचं सांगितलेलं, त्यामुळे पलंगावरची म्हातारी तिला सफाईवाली वाटली. दमून टेकली असेल बिचारी. तिने म्हटलं, बसा, बसा आजी, उठू नका. आजीने तिच्याकडे दयेने पाहिलं आणि विचारलं, "पोरी, तू कशाने गेलीस? तुझं वय नव्हतं गं." त्यानंतर दोघींना एकमेकींचं म्हणणं कळेपर्यंत नूडल्सला पाणी उकळलं होतं.

फाय अजून उभाच होता. संत्री कुठे ठेवावीत ते त्याला कळत नव्हतं.

येउंगने आता घसा साफ केला. झाल्या प्रकाराबद्दल हॉटेल फार दिलगीर आहे, आजींची मूळ खोली व्यवस्थित आहे, आजींना आपण स्वतः खाली नेऊन सोडू, म्हणजे माकसाहेब आणि बाईसाहेबांना इथे निवांत राहता येईल. आजी लगेच उठली. आपली पिशवी शोधू लागली. "हो हो, मला काय, कुठेही चालेल," ती म्हणाली, आणि चालता चालता पश्चिमेकडच्या खिडकीपाशी थांबली. एकदाच, जरा बघून घेते म्हणून.

"खालच्या खोलीतून काय दिसतं?" लाय-सिमने येउंगला विचारलं.

"ती फार शांत खोली आहे, बाईसाहेब."

"मी विचारलं, काय दिसतं?"

"भिंत," येउंग म्हणाला.

लाय-सिम उठून आजीशेजारी जाऊन उभी राहिली. आजीने काचेवर बोट ठेवलं. तिथे याउ मा तेइची खाडी होती, वादळ आलं की सगळ्या होड्या तिथे येऊन लागायच्या. आजी होडीतच जन्मली, होडीतच तिचं लग्न झालं. मग खाडी बुजवली आणि त्यावर इमारती उभ्या राहिल्या. "खाली रस्त्यावर फिरून कितीदा शोधलं, कळायचंच नाही आपण कुठे होतो," आजी म्हणाली. "इथून वरून काठाचं वळण दिसतं बघ. त्या निळ्या काचेच्या इमारतीखाली आमची होडी. जन्मलो ती जागा मेल्यावर दिसते म्हणतात. म्हणून तर माझी खात्रीच पटली."

लाय-सिम निळ्या इमारतीकडे बघत राहिली. मग तिने आजीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पलंगावर ठेवली.

"आजी कुठेही जाणार नाहीत," ती म्हणाली. "मीही जाणार नाही. पलंग मोठा आहे."

येउंगला हे गणित जमलं, कारण त्यात एकही नवी खोली लागत नव्हती. फायला जमायला वेळ लागला. त्याने पलंग पाहिला, त्यावर बसलेल्या दोघी पाहिल्या आणि मग खाली, सहाव्या मजल्यावर, भिंतीकडे तोंड असलेली एक शांत खोली शिल्लक आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

"मी?" तो म्हणाला.

"तू वाजवलंस," लाय-सिम म्हणाली. पण हे म्हणताना ती रागावलेली नव्हती. तिने त्याच्या हातातली संत्री घेतली आणि एक सोलायला सुरुवात केली. "आणि मग न वाजवता आलास. मला न्या म्हणालास. ते मी ऐकलं." बस्स, एवढंच. फायला यातून आपली शिक्षा वाढली की कमी झाली हे समजलं नाही, आणि विचारायची ही वेळ नव्हती.

सहाव्या मजल्यावरची खोली झकास होती. गादी तीच, टब तोच, स्लिपरही त्याच. फक्त खिडकीचा पडदा सारला की हातभर अंतरावर राखी भिंत, आणि भिंतीवर एक जाड नळ खालपर्यंत गेलेला. फाय पलंगाच्या कडेला बसून राहिला. त्याने दिवा लावला होता. इथे काचेत दुसरं काही दिसायचं नव्हतंच. आपण आजचा दिवस बिघडवला की सावरला, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. बायकोला बंदर मिळालं होतं. ती अंथरुणात पडल्या पडल्या बघत होती. तिने मागितलं होतं ते सगळं झालं होतं, फक्त त्यात तो कुठेच नव्हता. हे त्याला फार लागलं. बंदराचं त्याला काही नव्हतं. ती बंदर बघत असताना तिच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं, असं त्याला वाटलं.

आठाच्या सुमाराला फोन वाजला.

"दिवे सुरू झालेत," लाय-सिम म्हणाली. "पलीकडच्या सगळ्या इमारतींवर. तुला काय दिसतंय?"

"नळ."

"मग ऐक." आणि ती सांगू लागली. हिरवे दिवे, मग जांभळे, एका उंच इमारतीवर मासा पोहतोय असं दाखवलंय, तो आजीला आवडला नाही, असा मासा नसतोच म्हणाली. फेरी मधोमध आहे. एक मालवाहू बोट चाललीय, इतकी हळू की हलतेय की नाही कळत नाही. पाणी काळं आहे आणि त्यावर सगळे रंग पसरलेत, कुणी तेल सांडल्यासारखे. लाय-सिम एरवी इतकं बोलत नसे. फाय पलंगावर आडवा झाला, फोन कानाशी धरून. तिच्या आवाजात त्याने कित्येक दिवसांत न ऐकलेलं काहीतरी होतं, स्वयंपाकघरातून फटीतलं पाणी दिसायचं त्या दिवसांतलं.

मग ती थांबली. फायला वाटलं, फोन बंद झाला. पण बंद झाला नव्हता. दूरवर एका बोटीचा भोंगा ऐकू आला, आणि मागून क्वोक आजीचं बोलणं.

"अजून बोलतेस त्याच्याशी? झोपू दे की बिचाऱ्याला."

"बोलणं कधीच संपलं," लाय-सिम हळू आवाजात म्हणाली. "एकटा घाबरतो तो. म्हणून नुसता चालू ठेवलाय."

तिने फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग दोघी आपापसात होड्यांबद्दल बोलू लागल्या, आणि फाय खाली हूं की चूं न करता ऐकत पडून राहिला.